प्रिंटर रुसला तर : मेकॅनिकला बोलावण्यापूर्वी

घोडेगाव हे आंबेगाव तालुक्याचे मुख्यालय. तहसील कचेरी, न्यायालय आणि एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय इथेच असल्याने कागदांची कामे बाराही महिने चालू असतात. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, सगळे शेवटी प्रिंटरमधूनच बाहेर पडते. म्हणून अनेकांनी घरी किंवा दुकानाच्या कोपऱ्यात छोटा प्रिंटर घेतला आहे. पण ऐन प्रवेशाच्या दिवसांत तो बंद पडला की आहुपे, तळेघरहून एस.टी.ने आलेल्या माणसाची खेप वाया जाते आणि आपले गिऱ्हाईक तुटते. प्रिंटरच्या बऱ्याचशा तक्रारी घरच्या घरी दूर होतात. फक्त दोष कुठे आहे हे आधी ओळखले पाहिजे.

पहिली चाचणी : प्रिंटरला झेरॉक्सची काच असेल तर संगणकाला हात न लावता एक झेरॉक्स काढावी. ती स्वच्छ आली तर प्रिंटर ठीक आहे. दोष केबलमध्ये किंवा संगणकात आहे. झेरॉक्सही खराब आली तर दोष प्रिंटरचा.

प्रिंट जातच नाही : एखादे काम रांगेत अडकले की मागची सगळी कामे थांबतात. अशा वेळी पुन्हा पुन्हा प्रिंटचे बटण दाबू नये. रांगेतील कामे रद्द करावीत, प्रिंटर व संगणक दोन्ही बंद करून चालू करावेत. ‘ऑफलाइन’ असे दिसल्यास केबल दुसऱ्या खाचेत लावून पाहावी आणि निवडलेला प्रिंटर आपलाच आहे ना, हे तपासावे. ट्रेमध्ये कागद असूनही प्रिंटर कागद मागत असेल, तर संगणकात ‘लेटर’ आकार निवडलेला असण्याची शक्यता असते. तो ‘ए-४’ करावा.

कागद अडकतो : भीमाशंकरच्या बाजूने पाऊस सुरू झाला की हवेतला ओलावा कागदात उतरतो. कागद वळतो, दोन-दोन ओढले जातात. रीम प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवावी, लागेल तेवढाच कागद ट्रेमध्ये घालावा आणि घालण्यापूर्वी गठ्ठा मोकळा करून घ्यावा. अडकलेला कागद प्रिंटर बंद करून, दोन्ही हातांनी, शक्यतो कागद जाण्याच्या दिशेनेच हळू ओढावा. कागद ओढला जात नसेल तर रबरी रोलर किंचित ओल्या सुती फडक्याने पुसावा.

लेसरची छपाई खराब : अक्षरे फिकट आल्यास कार्ट्रिज काढून आडवे धरून हलकेच हलवावे, आणखी काही पाने निघतात. काळा ठिपका ठराविक अंतराने पुन्हा पुन्हा येत असेल तर ड्रमवर ओरखडा आहे. १२-ए जातीच्या कार्ट्रिजमध्ये हे अंतर साधारण ७५ मिलिमीटर भरते. अक्षरे बोटाने पुसली जात असतील तर कागद ओला आहे किंवा शाई तापवून बसवणारा भाग बिघडला आहे. कोरडा कागद घालूनही तसेच झाले तर मेकॅनिकच हवा. कार्ट्रिज भरून घेताना जुनी वाया गेलेली पूडही काढायला सांगावी, नाहीतर ती पानावर सांडते. सांडलेली पूड कोरड्या फडक्याने टिपावी. गरम पाणी लावल्यास डाग पक्का होतो.

शाईचा प्रिंटर : बरेच दिवस न वापरल्यास शाई सुकून छिद्रे बुजतात. आधी ‘नोझल चेक’चे पान काढावे. रेघा तुटक असतील तर ‘हेड क्लीनिंग’ करावे, पण दोन-तीन वेळांपेक्षा जास्त नाही, कारण त्यात बरीच शाई खर्च होते. तरी फरक नाही पडला तर रात्रभर थांबून पुन्हा पाहावे. आठवड्याला एक रंगीत पान काढणे हाच उत्तम उपाय. प्रिंटर भिंतीवरच्या बटणाने कधीही बंद करू नये. त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केल्यासच हेडवर झाकण बसते.

मराठी अक्षरांची खिचडी : गिऱ्हाइकाच्या पेन ड्राइव्हवरील मजकूर भलताच छापला गेला तर प्रिंटरला दोष देऊ नये. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर अशीच दिसते. पीडीएफ करून आणायला सांगावे.

वीज : लेसर प्रिंटर संगणकाच्या छोट्या यूपीएसवर जोडू नये. कागद तापवताना तो एकदम मोठा भार ओढतो आणि यूपीएस बसतो.

जळका वास, दातेरी चाकांचा खडखडाट किंवा आतून धूर आला तर मात्र प्लग काढून जाणकाराकडे न्यावे. बाकी वेळी आधी स्वतः तपासावे. खर्च वाचेल आणि दारात आलेला माणूस हातात कागद घेऊनच परत जाईल.