लोखंडाचा आवाज, समुद्राची शांतता

गडमुडशिंगीपासून समुद्र दूर, सह्याद्रीच्या पलीकडे. पण गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत जवळच आहे आणि या भागातल्या अनेक घरांना फौंड्रीतल्या लोखंडाचा आवाज ओळखीचा आहे. देवळातली घंटा वाजवली की घुमत राहते; बिडावर हातोडा मारला की ‘थप्प’ होऊन आवाज विरतो. बिडातले ग्राफाइटचे बारीक पापुद्रे कंप जिरवतात. म्हणून तर लेथचा बेड बिडाचा असतो.

ही साधी गोष्ट जहाजाच्या पोटात फार मोलाची ठरते. टर्बाइन मिनिटाला हजारो फेरे घेते, पाण्यातला पंखा मात्र शे-दोनशेच. मध्ये गिअर हवेतच. समजा, गिअरला 40 दाते आहेत आणि तो मिनिटाला 3000 फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला 2000 वेळा दात दाताला भिडतो. भाराखाली दाते किंचित वाकतात आणि दर खेपेला बारीक धक्का बसतो. या धक्क्यांची गती गिअरच्या स्वतःच्या कंपनाशी जुळली, की थरथर वाढते; दात्याच्या मुळाशी चीरही जाऊ शकते. शिवाय पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने धावतो. पाणबुडीतल्या माणसांचा जीव शांततेवरच अवलंबून असतो.

मग भारी मिश्रधातू वापरला की प्रश्न मिटला? तसे नाही. निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम घातलेले पोलाद मजबूत खरे. पण त्याचा ताठपणा जवळपास साध्या पोलादाइतकाच. मजबुतीच्या भरवशावर गिअर पातळ केला, की तो घंटेसारखा वाजू लागतो. मँगनीज आणि तांब्याचे मिश्रधातू कंप छान जिरवतात. पाणबुड्यांच्या पंख्यांसाठी ते वापरलेही गेले. पण दात्यांना लागणारा पोलादी कठीणपणा त्यांच्यात नाही. तेव्हा खरा इलाज घडणीतच: दाते तिरके कापायचे, त्यांची टोके केसाच्या जाडीहूनही कमी घासायची, ग्राइंडिंग अचूक करायचे.

हे काम समुद्रकाठीच व्हावे असेही नाही. 1919 साली ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनला धाडणाऱ्यांत वालचंद हिराचंद होते. त्यांच्या नावाच्या वालचंदनगरात, इंदापूर तालुक्यात, नौदलासाठी गिअरबॉक्स तयार झाले. हातोड्याच्या एका ठोक्यावरून ओतीव पारखणारे कान आमच्याकडेही आहेत. त्या कानांना मोजमापाचे शिक्षण जोडून दिले, तर गडमुडशिंगीच्या मुलांना समुद्र दूर नाही.