दुखणे मानेत, ठणका डोक्यात!

सकाळी उठल्यापासून मान आखडलेली असते. दुपारपर्यंत कळ डोक्याच्या मागच्या बाजूने वर चढते आणि संध्याकाळी त्याच बाजूच्या डोळ्यामागे ठाण मांडून बसते. रुग्ण आधी चष्म्याचा नंबर तपासून घेतो, मग सायनसचा एक्स-रे काढतो आणि शेवटी ‘अर्धशिशी’चा शिक्का घेऊन गोळ्या सुरू करतो. मानेकडे पाहायचे मात्र राहून जाते. नॉर्वेतील मेंदूविकारतज्ज्ञ ओटार शोस्ताद यांनी १९८३ मध्ये या दुखण्याला ‘सर्व्हायकोजेनिक हेडेक’, म्हणजे मानजन्य डोकेदुखी, असे नाव दिले. त्यावरील ‘पल्स्ड रेडिओफ्रिक्वेन्सी’ या उपचाराबद्दल शहरांतील वेदना-चिकित्सा केंद्रांत आता बरीच विचारणा होते.

मान दुखली तर डोळा का ठणकावा, हा प्रश्न रास्त आहे. मानेतील वरच्या तीन मज्जातंतूंच्या जोड्या आणि चेहरा, कपाळ, डोळ्यांभोवतीची संवेदना वाहून नेणारा ट्रायजेमिनल मज्जातंतू, हे सारे मज्जारज्जूच्या वरच्या टोकाशी एकाच केंद्रात येऊन मिळतात. चाळीतील दोन खोल्यांच्या घंटा एकाच तारेवर जोडाव्यात आणि बटण कोणत्या दाराशी दाबले हे कळू नये, तसे मेंदूचे होते. कुरबुर दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यामधल्या छोट्या सांध्यात असते, पण मेंदू ती कपाळाच्या नावावर टाकतो. वाहनाला मागून धडक बसून मानेला हिसका बसलेल्यांमध्ये हा सांधा दुखावल्याचे वारंवार आढळते.

निदान हीच या दुखण्यातील खरी मेख आहे. मानेच्या एक्स-रेमध्ये झीज दिसली, की सारे खापर तिच्यावर फोडले जाते. वास्तविक चाळिशी-पन्नाशीनंतर अशी झीज डोके न दुखणाऱ्यांच्या मानेतही दिसते. त्यामुळे फोटोपेक्षा लक्षणांना अधिक महत्त्व. दुखणे बहुधा एकाच बाजूला राहते, मान वळवली की वाढते आणि मानेची हालचाल कमी झालेली असते. तरीही शंका उरते, कारण अर्धशिशीतही मान दुखते. अशा वेळी संशयित मज्जातंतूजवळ बधिरतेचे औषध टोचून पाहतात, त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. औषधाचा अंमल असेपर्यंत डोकेदुखी थांबली तर मूळ सापडले असे मानता येते. एका ब्लॉकवर मात्र पूर्ण विसंबता येत नाही. म्हणून काटेकोर डॉक्टर कमी आणि जास्त काळ टिकणारी दोन वेगळी औषधे वापरून, वेगवेगळ्या दिवशी, ही चाचणी दोनदा करतात.

न जाळणारी लहर

रेडिओफ्रिक्वेन्सीचा जुना प्रकार जाळण्याचा आहे. सुईच्या टोकाशी सुमारे ८० अंश सेल्सिअस तापमान निर्माण करून वेदना वाहून नेणारी बारीक नस निकामी केली जाते. सांध्यांच्या लहान नसांसाठी हे चालते. पण डोक्याच्या मागच्या भागाला संवेदना देणारी मोठी नस जाळली, तर तेथे कायमची बधिरता येण्याची, क्वचित नवेच दुखणे मागे लागण्याची भीती असते. नेदरलँड्समधील भूलतज्ज्ञ मेनो स्लॉयटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये पल्स्ड पद्धत मांडली, ती ही अडचण टाळण्यासाठी. यात प्रवाह सलग न देता सेकंदाला दोन, अशा झटक्यांनी देतात. प्रत्येक झटका २० मिलिसेकंदांचा, त्यानंतर ४८० मिलिसेकंद विश्रांती. तेवढ्यात उष्णता पसरून जाते आणि तापमान ४२ अंशांपलीकडे जाऊ दिले जात नाही. नस जळत नाही. सुईच्या टोकाभोवतीच्या विद्युतक्षेत्रामुळे वेदनेचे संदेश मंदावतात, असे मानले जाते.

उपचाराच्या वेळी रुग्ण जागा असतो. जागा बधिर करून, एक्स-रेच्या पडद्यावर किंवा सोनोग्राफीत पाहत सुई नसेपर्यंत नेतात. मग सौम्य प्रवाह सोडून ‘नेहमी दुखते तिथेच मुंग्या येतात का?’ असे विचारले जाते. उत्तर ‘हो’ आले, की सुई योग्य जागी आहे. प्रत्यक्ष लहरी दोन ते चार मिनिटांच्या, आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. आराम जाणवायला काही आठवडे लागू शकतात. तो काही महिने टिकतो, मग उपचार पुन्हा करावा लागू शकतो. कायमचा इलाज म्हणून त्याची जाहिरात कोणी करत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

पुरावा किती? अमेरिकेत ८१ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पल्स्ड उपचाराची तुलना स्टिरॉइडच्या इंजेक्शनशी केली होती. सहा आठवड्यांनी डोक्याच्या मागच्या भागातील सरासरी वेदना दहाच्या मापावर पल्स्ड गटात सुमारे २.७ अंकांनी, तर स्टिरॉइड गटात सुमारे १.४ अंकांनी कमी झाली. हा फरक सहा महिने टिकला. एकूण डोकेदुखीतील फरक मात्र सहा आठवड्यांपुरताच दिसला. शिवाय हे रुग्ण मागच्या नसेच्या दुखण्याचे किंवा त्या नसेवर दाबल्यास दुखणाऱ्या अर्धशिशीचे होते. निखळ मानजन्य डोकेदुखीवरील अभ्यास लहान आहेत. म्हणजे उपचार आश्वासक आहे. सिद्ध म्हणण्याइतका भक्कम पाया त्याला अजून लाभलेला नाही.

सुईआधी करण्यासारखे बरेच आहे. ऑस्ट्रेलियात २०० रुग्णांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मानेच्या खोल स्नायूंचे व्यायाम आणि प्रशिक्षित हातांनी केलेले सांध्यांचे उपचार, या दोहोंनी डोकेदुखी कमी झाली आणि तो लाभ वर्षभरानंतरही टिकून होता. हा स्वस्त मार्ग आपल्याकडे चार दिवसांत सोडून दिला जातो, हे दुर्दैव. आणि प्रशिक्षित हात म्हणजे सलूनमधला ‘कडाक’ नव्हे! मानेला बसलेल्या झटक्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचे अस्तर फाटून पक्षाघात होऊ शकतो.

गोळ्यांचाही हिशेब ठेवायला हवा. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या, तर त्या गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते. हे चक्र सुटेपर्यंत कोणत्याही सुईचा खरा परिणाम कळत नाही.

रक्त पातळ करणारी औषधे सुरू असल्यास किंवा पेसमेकर बसवला असल्यास ते डॉक्टरांना आधीच सांगावे. दुखणे अचानक आणि आयुष्यात कधी नव्हे इतके तीव्र असेल, सोबत ताप, हातापायांत दुबळेपणा, बोलण्यात अडखळ असेल, तर वेदना-चिकित्सा केंद्राची वेळ घेत बसू नये. थेट रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठावा.