शेततळ्याची गळती: आधी मोजणी, मग ठिगळ

लेखमाला: साठवलेले पाणी – भाग सहावा

मागच्या आठवड्यात आपण शेततळ्याचा कागद कसा निवडावा आणि कसा अंथरावा ते पाहिले. या भागात तोच कागद गळू लागला तर काय करायचे, याचा विचार करू. पाणी अंदाजापेक्षा लवकर खाली गेले की शेतकरी दोनपैकी एक निष्कर्ष काढून मोकळा होतो. एक तर कागद फाटला, नाहीतर उन्हाने पाणी उडाले. दोन्ही निष्कर्ष नजरेच्या भरवशावर काढलेले असतात आणि इथे नजर हमखास फसते. 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद, 3 मीटर खोल आणि एकास एक उताराचे शेततळे घ्या. त्यात सुमारे 22 लाख लिटर पाणी मावते. काठोकाठ भरल्यावर पृष्ठभाग 900 चौरस मीटर होतो, म्हणजे पातळी एक मिलिमीटर उतरली की 900 लिटर पाणी गेले. सोलापूर-मराठवाड्याच्या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत बाष्पीभवन मोजण्याच्या पात्रातले पाणी दिवसाला 10 मिलिमीटरहूनही अधिक उतरते. मोठ्या तळ्यात हे प्रमाण थोडे कमी असते. ते 8 मिलिमीटर धरले तरी रोज 7,200 लिटरची वाफ होते. आता कागदाला केवळ 5 मिलिमीटर व्यासाचे भोक आहे, त्यावर अडीच मीटर पाणी उभे आहे आणि खाली सैल मुरूम आहे असे समजा. त्या भोकातून दिवसाला साधारण 7,000 लिटर पाणी निघून जाऊ शकते. ऊन आणि भोक जवळजवळ सारखेच पाणी नेत असतील, तर काठावर उभे राहून कोणाला काय कळणार? म्हणून माझे म्हणणे असे, की मोजणी झाल्याशिवाय ठिगळावर एक रुपयाही खर्च करू नये.

या मोजणीला बादली पुरते. बादलीत दगड टाकून ती जड करावी आणि कागदाच्या बाहेर, बांधावर घट्ट रोवलेल्या बांबूला दोन दोरांनी अशी बांधावी की ती तळ्यात अर्धीअधिक बुडेल, पण हलणार नाही. आतले पाणी बाहेरच्या पाण्याच्या पातळीत आणून बादलीवर आतून आणि बाहेरून खूण करावी. दोन दिवस पंप बंद ठेवावा, तळ्यात पाणी सोडू नये आणि वारा पडलेला असताना, सकाळच्या वेळी, दोन्ही खुणांपासून पाणी किती उतरले ते पट्टीने मोजावे. बादलीतले पाणी फक्त उन्हा-वाऱ्याने जाते, तळ्यातले मात्र गळतीनेही जाते. समजा, दोन दिवसांत बादलीत 16 आणि तळ्यात 30 मिलिमीटर उतार पडला. फरक 14 मिलिमीटरचा आहे, म्हणजे दिवसाला 7 मिलिमीटर किंवा 6,300 लिटर पाणी वाफेव्यतिरिक्त कुठेतरी जाते आहे. लहान भांड्यातले पाणी जास्त तापते, मग ही तुलना कशी खरी मानायची, असा आक्षेप कोणी घेईल. बादली बांधावर ठेवली तर तो रास्त आहे. पण ती तळ्यातच बुडलेली असली की दोन्हीकडच्या पाण्याचे तापमान जवळपास सारखे राहते. एक-दोन मिलिमीटरचा फरक मोजण्यातली चूक म्हणून सोडून द्यावा आणि शंका उरली तर मोजणी पुन्हा करावी. पंपाचा पाइप किंवा त्याचे सांधे गळत नाहीत ना, हेही याच वेळी तपासावे. दोष तिथे असला तर कागदाला हात लावायची गरजच नाही.

गळती सिद्ध झाली तरी भोक सापडलेले नसते. अशा तळ्यात कागदाचे ओले क्षेत्र हजार चौरस मीटरच्या आसपास भरते आणि शेवाळलेल्या पाण्याखाली मिलिमीटरभराचे छिद्र दिसत नाही. पोहण्याच्या टाकीत संशयाच्या जागी रंग सोडतात आणि तो कुठे खेचला जातो ते पाहतात. ती युक्ती स्वच्छ, स्थिर पाण्यात चालते, शेततळ्यात तिचा फारसा उपयोग होत नाही. इथे पाण्याची पातळीच भोकाचा पत्ता सांगते. पिकाला पाणी द्यायचेच असते, तर ते टप्प्याटप्प्याने द्यावे. अर्धा मीटर पातळी उतरली की थांबावे, दोन दिवस बादलीची मोजणी करावी आणि मग पुढचा टप्पा घ्यावा. ज्या टप्प्यानंतर फरक नाहीसा होतो, त्याच्या वरच्या अर्ध्या मीटरच्या पट्ट्यात भोक असते. मधल्या खोलीवर हा पट्टा 75-76 चौरस मीटरचा असतो, आणि तेवढा कागद हात फिरवून तपासता येतो. फरक हळूहळू कमी होत गेला पण संपला नाही, तर संशय तळावर किंवा तळाच्या कडेवर घ्यावा. शोधताना आधी कागदाचे जोड, घड्या आणि कागद छेदून बाहेर काढलेला पाइप पाहावा. मग खेकड्या-उंदरांची बिळे, कुत्र्यांच्या नखांचे ओरखडे आणि खालून टोचून वर आलेले लव्हाळ्याचे कोंब शोधावेत. यासाठी पाणी वाया घालवायचे का, असे विचारले जाते. या पद्धतीत ते वाया जातच नाही, पिकालाच मिळते. उलट सगळे तळे एकदम रिकामे करणे धोक्याचे आहे. उघडा कागद उन्हात तापतो आणि वाऱ्याने उचलला जातो. मात्र एक गोष्ट कळकळीने सांगतो. शेवाळलेल्या कागदाच्या उतारावर पाय ठरत नाही आणि पट्टीचा पोहणाराही वर चढू शकत नाही. एकट्याने तळ्यात उतरू नका. काठावर दुसरा माणूस, पक्क्या खांबाला बांधलेला दोर आणि हवा भरलेली ट्यूब एवढी तयारी हवीच.

सगळ्यात जास्त पैसा फुकट जातो तो ठिगळाच्या साहित्यावर. परदेशात घरामागे जमिनीवर उभ्या करतात त्या पोहण्याच्या टाक्यांचे अस्तर पीव्हीसीचे असते. त्याला द्रावक असलेला गोंद धरतो आणि काही गोंद तर पाण्याखालीही चिकटतात. आपल्याकडचा शेततळ्याचा कागद बहुधा 500 मायक्रॉनचा, एचडीपीईच्या विणलेल्या कापडावर दोन्ही बाजूंनी थर दिलेला असतो. भारतीय मानक 15351 याच कागदासाठी आहे. पॉलिथिलीनच्या पृष्ठभागावर गोंद नीट पसरतही नाही आणि मुरतही नाही. म्हणून सायकलच्या ट्यूबचे सोल्युशन किंवा पीव्हीसी पाइपचा गोंद चार दिवसांत सुटतो. इथे उष्णतेनेच जोड द्यावा लागतो. आधी भोकाखालची माती चाचपावी. गळत्या पाण्याने तिथे पोकळी झालेली असली तर बारीक, खडेविरहित माती भरून ती दाबावी, नाहीतर पाण्याच्या भाराने ठिगळासकट कागद खाली ताणला जाईल. मग जागा स्वच्छ धुऊन पूर्ण कोरडी करावी. त्याच जातीच्या कागदाचा, भोकाच्या चहूबाजूंनी वीतभर पुढे जाणारा आणि कोपरे गोल केलेला तुकडा गरम हवेच्या यंत्राने वितळवत, रबरी रोलरने दाबत बसवावा. यंत्राची उष्णता किती ठेवायची ते टाकाऊ तुकड्यांवर आधी ठरवावे. जोडलेले दोन तुकडे ओढून पाहिल्यावर जोड न उकलता कागदच ताणला किंवा फाटला, तर जोड पक्का. ब्यूटिलची चिकटपट्टी हंगाम निभावून नेईल, पण ती तात्पुरतीच समजावी.

गळालेले पाणी जमिनीतच मुरते, पुन्हा विहिरीला येते, मग एवढा खटाटोप कशाला, हा आक्षेप खूपदा ऐकू येतो. विहीर किंवा बोअरचे पाणी वीज खर्चून वर चढवून तळे भरलेले असेल, तर गळतीने ती वीज गेलीच. शिवाय मुरलेले पाणी आपल्याच विहिरीत, तेही मे महिन्यात गरज असताना येईल, याची खात्री कोण देणार? उतारावर ते खालच्या शिवारात जाते आणि भरावाच्या बांधात मुरले तर बांधच कमकुवत करते. दुसरा आक्षेप असा, की ठिगळे लावत बसण्यापेक्षा नवा कागद का नको. कागद कोणत्या अवस्थेत आहे, यावर ते ठरते. पाण्याच्या वर उघडा राहणारा कडेचा पट्टा हातात घेऊन दुमडून पाहावा. घडीवर तडे गेले किंवा थर सुटू लागला, तर उन्हाने त्या पट्ट्याचे आयुष्य संपवले आहे आणि त्यावर ठिगळ टिकणार नाही. पाण्याखालचा कागद लवचिक असेल, तर फक्त वरचा पट्टा बदलून भागते. लवचिक कागद दोन-चार भोकांसाठी फेकून देणे मला मुळीच पटत नाही.

ठिगळ बसले की तळे पुन्हा भरून बादलीची मोजणी परत करा. फरक अजून दिसत असेल तर दुसरे भोक आहे, ते त्याच रीतीने शोधा. एप्रिलची वाट मात्र पाहू नका. जानेवारी-फेब्रुवारीत ऊन सौम्य असते, वाफ कमी होते आणि त्यामुळे गळतीचा फरक अधिक स्पष्ट दिसतो. पहिली मोजणी तेव्हाच करा आणि दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहून ठेवा.