सहपंचाचा निर्णय आणि ‘अनुभवी’ शिट्टी

नागपुरात धरमपेठ असो वा शिवाजीनगर, बास्केटबॉलचा सामना रंगात आला असताना दोन पंचांपैकी एकाचे निर्णय डळमळू लागले, की प्रेक्षकच नव्हेत तर जाणकार म्हणवणारेही एकच उपाय सुचवतात: अनुभवी पंचाने सामना हातात घ्यावा, सहपंचाच्या वाट्याच्या शिट्ट्याही स्वतःच वाजवाव्यात आणि त्याचे चुकलेले निर्णय तिथल्या तिथे फिरवावेत. ही समजूत कितीदा खोडावी, हा प्रश्नच आहे. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, म्हणजे ‘फिबा’च्या, नियमांनुसार प्रत्येक पंचाला आपल्या कर्तव्यांच्या मर्यादेत निर्णय देण्याचा अधिकार असतो, परंतु दुसऱ्या पंचाचा निर्णय डावलण्याचा किंवा त्यावर प्रश्न उपस्थित करण्याचा अधिकार कोणालाही नसतो. पंचांमध्ये मतभेद झाल्यास मुख्य पंचाचा शब्द अखेरचा ठरतो हे खरे. पण तो सहपंचाच्या शिट्ट्या पुसण्याचा सरसकट परवाना नव्हे.

या नियमामागे कामाची वाटणी आहे. जेम्स नेस्मिथ यांच्या 1892 साली प्रसिद्ध झालेल्या मूळ तेरा नियमांतही एक पंच खेळाडूंवर आणि दुसरा चेंडूवर लक्ष ठेवत असे. आज दोन पंचांच्या पद्धतीत ‘लीड’ हा चढाईच्या पुढे जाऊन बास्केटमागील अंत्यरेषेपाशी उभा राहतो, तर ‘ट्रेल’ चेंडूच्या मागून येतो, आणि 28 मीटर लांब व 15 मीटर रुंद मैदान या दोघांनी वाटून घेतलेले असते. सहपंचाच्या काळजीने लीडची नजरही दूरवरच्या चेंडूमागे धावू लागली, तर बास्केटखालची ढकलाढकली पाहणारा कोणी उरत नाही. म्हणजे सावरायला गेलेला पंच स्वतःचीही जागा उघडी टाकतो.

खरी मदत याहून साधी आणि कमी दिसणारी असते. खेळ थांबला असताना जवळ जाऊन एखादे वाक्य बोलावे, चिडलेल्या प्रशिक्षकाशी स्वतः बोलून सहपंचाला त्या बाकड्यापासून दूर ठेवावे, खेळ पुन्हा सुरू करण्याची घाई टाळावी आणि टाइम आऊटच्या एका मिनिटात पुढचे तेवढेच बोलावे. चेंडू शेवटी कोणाच्या हाताला लागून बाहेर गेला हे स्पष्ट दिसले असेल तर ती माहिती अवश्य द्यावी, मात्र निर्णय बदलायचा तर तो सहपंचाने स्वतः बदलावा.

दुसरा गैरसमज भरपाईच्या शिट्टीचा. एका संघावर अन्याय झाला म्हणून दुसऱ्यावर फाऊल देण्याला कोणताही नियम आधार देत नाही, परंतु मोह खरा आहे: अँडरसन आणि पियर्स यांनी अमेरिकी महाविद्यालयीन सामन्यांचा अभ्यास करून 2009 साली दाखवले, की फाऊलमधील तफावत जितकी वाढते तितकी पुढचा फाऊल कमी फाऊल असलेल्या संघावर दिला जाण्याची शक्यता वाढते. एका चुकीवर दुसरी चूक रचून हिशेब जुळत नाही, हे शाळकरी पोरालाही कळावे.

दोन शिट्ट्या एकदम वाजणे हा गोंधळाचा पुरावा नव्हे. नजरानजर झाली की एक पंच थांबतो आणि दुसरा निर्णय देतो.

‘पंच बदला’ अशी आरोळी ठोकणाऱ्यांसाठी एवढेच, की दुखापतीने किंवा अन्य कारणाने एखादा पंच पाच मिनिटांत काम पुढे चालू करू शकला नाही तर सामना पुन्हा सुरू केला जातो, आणि पात्र बदली पंच उपलब्ध नसेल तर दोघांतला उरलेला तो शेवटपर्यंत एकटाच चालवतो.