बिनआवाजाच्या मोटारीतील एक सकाळ

मोटारीचा छंद मला भवानी पेठेत जडला. माझे वडील ज्या आडत पेढीवर दिवाणजी होते, त्या पेढीच्या मालकांकडे फिकट निळ्या रंगाची फियाट अकराशे होती. मी तेव्हा तिसरी-चौथीत असेन. रविवारी सकाळी ती गाडी धुण्याचे काम मी आपणहून अंगावर घेतले होते. माझी अट एकच असे: बॉनेट उघडले की मला जवळ उभे राहू द्यायचे. पेढीचे वयस्क चालक मला म्हणत, ‘‘डोळे मिटून ऐक. चार सिलिंडर म्हणजे चार भाऊ. एक जरी रुसला, तरी आवाजावरून कळले पाहिजे.’’ मोटार कानाने ओळखायची असते, हा धडा मी तेथे शिकलो आणि पुढे अर्धशतकाहून अधिक काळ तो जपला.

ती फियाट मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांचा देशात पाया घालण्यासाठी झटलेला हा उद्योगपती १९५३ साली निवर्तला. त्यांच्या कंपनीने पुढे फियाट अकराशे घरोघरी पोहोचवली आणि सत्तरच्या दशकात तीच गाडी प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली.

एम. कॉम. होऊन मी १९८२ साली बँकेत रुजू झालो. नोकरीच्या काळात मी इतरांच्या शेकडो मोटारी बँकेकडे नजरगहाण ठेवून घेतल्या. स्वतःची पहिली गाडी मात्र १९८८ साली, कर्मचारी कर्जातून घेतली. ती जुनी पद्मिनी होती. तिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर होता आणि तो अलगद पडावा यासाठी हाताला व पायाला एक विशिष्ट ताल असावा लागे. त्या काळी घाटात गाड्या तापत, पावसाळ्यात रुसत, पण आवाजावरून दुखणे ओळखण्याचा मला कोण अभिमान! पत्नीनेही १९९० साली मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकून परवाना काढला होता. गाडी मात्र मीच चालवत असे.

गुडघ्याचा निर्णय

गेल्या वर्षी डाव्या गुडघ्याने तक्रार सुरू केली. शहरातील वाहतुकीत तासाभरात शंभर-सव्वाशे वेळा क्लच दाबावा लागतो, हे मी एकदा मोजून पाहिले होते. अस्थिरोगतज्ज्ञांनी स्पष्ट सांगितले, ‘‘क्लचची गाडी आता पुरे.’’ आमच्या पेट्रोल गाडीला पुढील वर्षी पंधरा वर्षे पूर्ण होतील, म्हणजे नोंदणीच्या नूतनीकरणाचा प्रश्नही उभा राहणारच. मुलाने फोनवर दोन पर्याय ठेवले, ‘‘बाबा, चालक ठेवा, नाहीतर विद्युत गाडी घ्या.’’

विद्युत गाडी मला नवी नव्हती. पुणेकरांनी फेब्रुवारी २०१९ पासून पीएमपीच्या विद्युत बसमधून प्रवास केला आहे आणि भेकराईनगरचे आगार तर त्याच बससाठी ओळखले जाते. चाकणला मर्सिडीज-बेंझने २०२२ साली ईक्यूएस ५८० या आलिशान विद्युत सेदानची जुळणी सुरू केली. ज्या शहरात १९६६ पासून ‘एआरएआय’सारखी वाहन संशोधन संस्था आहे, ज्याच्या पिंपरीतून १९९८ साली इंडिका बाहेर पडली, त्या शहरातील मोटारप्रेमीने या बदलाकडे पाठ फिरवणे शोभणारे नव्हते. तरीही मनात अढी होती. ज्या गाडीला आवाजच नाही, तिच्यावर प्रेम कसे करावे?

म्हणून मी ठरवले, चाचणी घ्यायची तर या जातीतील वेगवान गाडीची घ्यायची. बीवायडी कंपनीची ‘सील’ ही सेदान मार्च २०२४ मध्ये भारतात दाखल झाली. ही कंपनी १९९५ साली चीनमधील शेन्झेन येथे बॅटरी बनवण्यासाठी सुरू झाली आणि मोटारींकडे नंतर वळली. आपल्या शहरातील पहिल्या विद्युत बसही याच कंपनीच्या तंत्रज्ञानावर बांधलेल्या होत्या. सीलचा सर्वांत वरचा प्रकार ५३० अश्वशक्तीचा, सादर झाला तेव्हाची किंमत ५३ लाख रुपये. पत्नीने विचारले, ‘‘अहो, घ्यायची नाही तर बघायची कशाला?’’ मी म्हणालो, ‘‘आयुष्यभर बघितलेल्यांपैकी घेतल्या किती?’’ ती हसली आणि बरोबर यायला तयार झाली.

पाठीवर आलेला भार

रविवारी सकाळी सातला, रस्ते मोकळे असताना, आम्ही बाणेरहून निघालो. विक्रेता तरुण माझ्या शेजारी, पत्नी मागे. गाडी सुरू करण्यासाठी बटण दाबले आणि सवयीने कान टवकारले. काहीच ऐकू आले नाही. ‘‘काका, सुरू झाली आहे,’’ तो तरुण अदबीने म्हणाला.

महामार्गावर येईपर्यंत गाडीने माझ्याकडून एकही कौशल्य मागितले नाही. डावा पाय बिनकामाचा होता आणि डावा हात गिअर शोधून रिकामा परत येत होता. समोर बरेच अंतर मोकळे दिसताच तरुण म्हणाला, ‘‘काका, आता दाबून पाहा.’’ वेग ताशी २० किलोमीटर होता. मी पाय दाबला आणि मनात दोन अंक मोजून होतात न होतात तोच काटा सत्तरीवर होता. मी लगेच पाय उचलला.

हे कसे घडते, ते समजून घेण्यासारखे आहे. पेट्रोल इंजिनाला जोर येण्यासाठी आधी फेरे वाढवावे लागतात, म्हणून तर गिअरची सारी खटपट. विद्युत मोटारीत जवळजवळ पूर्ण पीळ पहिल्या फेऱ्यापासूनच हजर असतो. या गाडीत पुढच्या चाकांसाठी एक आणि मागच्या चाकांसाठी एक अशा दोन मोटारी असून त्यांचा एकत्रित पीळ ६७० न्यूटन-मीटर आहे. कंपनीच्या सांगण्यानुसार शून्यापासून ताशी १०० किलोमीटर वेग ३.८ सेकंदांत येतो. घरी येऊन मी गणित मांडले. हा त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे पाऊणपट भरतो, म्हणजे ७५ किलो वजनाच्या माणसाच्या पाठीवर आसन साधारण ५६ किलोच्या जोराने रेटते. माझ्या पद्मिनीला सुमारे चाळीस अश्वशक्ती होती. ही तिच्या तेरापट बलवान आणि वजनाने दुपटीहून जड, जवळजवळ २,२०० किलो.

विजेचा हा वेग नवा नाही. ताशी १०० किलोमीटरची मर्यादा ओलांडणारी पहिली मोटार विद्युतच होती. बेल्जियमच्या कामिय जेनात्झी यांनी २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळ हा विक्रम केला. त्यानंतर पेट्रोल स्वस्त झाले, दूरवर मिळू लागले आणि बॅटरी मागे पडली. मधल्या शतकभरात आपण इंजिनाच्या आवाजालाच वेग समजू लागलो.

पाय उचलताच गाडी आपोआप मंदावते. त्या वेळी मोटार जनित्रासारखी फिरून थोडी वीज बॅटरीत परत भरते. जमाखर्चाच्या माणसाला ही कल्पना मनापासून आवडली: खर्च केलेल्यातील काही भाग जमेच्या बाजूस येतो! स्टिअरिंग नेमके होते आणि जड बॅटरी तळाशी असल्याने वळणावर गाडी झुकत नव्हती. गाडी उत्तम होती. मात्र चांदणी चौकाच्या नव्या उड्डाणपुलांखालून वळताना मला एकदम पोरके वाटले. पन्नास वर्षे कमावलेला माझा कान, हाताचा तो ताल, यांचा या गाडीला काहीही उपयोग नव्हता. माझ्या जागी काल शिकलेला मुलगा बसला असता, तरी गाडीने त्याला हेच सारे दिले असते.

‘‘मी चालवून पाहू?’’

पाषाणकडे उतरताना मागून पत्नी मला काही सांगत होती. भाच्याच्या लग्नाचे, आहेराचे, साधेच बोलणे. मी उत्तरे देत होतो. थोड्या वेळाने ती म्हणाली, ‘‘इतक्या वर्षांत गाडी चालवताना तुम्ही प्रथमच माझे ऐकता आहात. एरवी तुमचा कान इंजिनाकडे असतो.’’ तरुण खिडकीबाहेर पाहू लागला. मी हसलो, पण ते वाक्य मनात रुतले.

आणि मग ती म्हणाली, ‘‘मी चालवून पाहू?’’

तरुणाने परवाना मागितला. माझ्या मनात आले, हिचा परवाना केव्हाच संपला असणार. तिने पर्समधून तो काढून दिला. मुदत शिल्लक होती. पंचावन्न वर्षे उलटल्यानंतर नूतनीकरण मोजक्या वर्षांसाठीच होते, वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, रांगेत उभे राहावे लागते. हे सारे तिने वेळोवेळी, एकटीने केले होते. तीस-पस्तीस वर्षांत एकदाही न वापरलेला परवाना तिने जिवंत ठेवला होता आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

मला १९९० सालची एक संध्याकाळ आठवली. कर्वे रस्त्यावर तिच्या हातून गिअर करकरला, गाडी बंद पडली आणि मागून भोंगे वाजू लागले. मी म्हणालो होतो, ‘‘राहू दे, मी घेतो.’’ रागाने म्हणालो नव्हतो, पण गाडीची काळजी मला जास्त होती. त्यानंतर तिने कधी मागितली नाही आणि मीही कधी विचारले नाही. हे तिला जमण्यासारखे नाही, असे मी ठरवून टाकले होते. आपल्या जाणकारीचा अभिमान दुसऱ्याच्या वाटेत कसा आडवा येतो, हे जाणकाराला सर्वांत शेवटी कळते.

तरुणाने गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी लावून घेतली. पत्नी पुढे आली, मी मागे बसलो. पहिली दोन मिनिटे ती चाक घट्ट धरून होती. नंतर खांदे सैल झाले. बाणेर–पाषाण लिंक रोडवर तिने ताशी चाळीसच्या पुढे वेग नेला नाही, प्रत्येक गतिरोधकाआधी पाय उचलला, आणि हात करून रस्ता ओलांडणाऱ्या एका आजींसाठी गाडी थांबवली. दालनापाशी उतरल्यावर मला म्हणाली, ‘‘या गाडीत तुम्हांला चूक काढायला काही सापडेना!’’

जमाखर्च

घरी आल्यावर वही उघडली. आमची धाव वर्षाला सुमारे ८,००० किलोमीटर. लिटरला १२ किलोमीटर आणि पेट्रोल १०४ रुपये धरल्यास वर्षाचा खर्च सुमारे ६९,००० रुपये. विद्युत गाडी युनिटला साडेपाच किलोमीटर चालते आणि युनिट १२ रुपयांना पडते असे धरले, तर सुमारे १७,५०० रुपये. म्हणजे बचत ५१-५२ हजारांची. आता ५३ लाख रुपये सात टक्क्यांच्या ठेवीत ठेवले, तर वर्षाचे व्याज ३ लाख ७१ हजार. केवळ इंधन वाचवण्यासाठी अशी गाडी घेण्याचा अर्ज माझ्या टेबलावर आला असता, तर मी तो परत केला असता. निवृत्तिवेतनाच्या घरात ती बसत नाही आणि तिच्या वेगाची आम्हांला गरजही नाही. लहान विद्युत गाडीचे गणित मात्र जुळू शकते. विद्युत वाहनांवरील वस्तू व सेवा कर ऑगस्ट २०१९ पासून पाच टक्के आहे, हेही लक्षात घ्यावे.

माझ्या वयाच्या वाचकांना अनुभवातून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, या गाड्यांचा उठाव तत्काळ असतो. म्हणून सुरुवातीला सौम्य वेगाच्या पर्यायातच चालवावे आणि मोकळ्या जागी पायाला नवी सवय लावावी. दुसरी, गाडीपूर्वी चार्जिंगची सोय पाहावी. ८२ युनिटांची बॅटरी ७ किलोवॉटच्या घरगुती चार्जरवर भरण्यास बारा तास लागतात, लहान गाडीला अर्थातच कमी. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी घरच्या चालू वीजजोडणीवरून गाडी चार्ज करण्याची मुभा दिली होती. तरी सोसायटीशी आधी बोलून, वायरिंगची क्षमता तपासून घेणे शहाणपणाचे. तिसरी, जाहिरातीतील पल्ला प्रत्यक्षात कमी भरतो, हे धरूनच हिशेब करावा.

आणखी एक गोष्ट कोणत्याही माहितीपत्रकात नसते. चाचणीला जाताना घरातील ज्या व्यक्तीला आपण कधी चाक दिले नाही, तिला सोबत न्यावे आणि तिचा परवानाही बरोबर घ्यावा.

त्या सकाळी माझे काहीतरी गेले, हे मी नाकारत नाही. चार सिलिंडरांचा तो एकसुरी, निरोगी आवाज मला यापुढेही आठवत राहील आणि रस्त्यावर एखादी जुनी पद्मिनी दिसली, तर मी थांबून ऐकेन. सोसायटीकडे चार्जिंगच्या परवानगीचा अर्ज आम्ही दिला आहे. त्यावर दोघांच्या सह्या आहेत. येत्या शनिवारी एका लहान विद्युत गाडीची चाचणी ठरली आहे. पहिली फेरी पत्नी मारणार असून मी मागच्या आसनावर बसणार आहे.