मृत्तिकाशिल्प : पर्यावरणीय व सामाजिक प्रश्नांच्या शोधाचे माध्यम

प्रस्तावना :
माती मळणे, तिला आकार देणे, वाळविणे आणि भाजणे ही मानवाची अतिप्राचीन कृती होय. भांडी, विटा, कौले व मूर्ती ही तिची परिचित रूपे आहेत. आधुनिक काळात अनेक शिल्पकारांनी भाजलेल्या मातीतून पर्यावरणीय व सामाजिक प्रश्न मांडले. या माध्यमात विषयाबरोबरच द्रव्य आणि निर्मितिप्रक्रिया हीदेखील आशयाचा भाग बनतात. प्रस्तुत लेखात दोन कलाकृतींच्या आधारे हे स्पष्ट केले आहे.

१. प्रवाळ आणि झिलई :
अमेरिकन शिल्पकार कोर्टनी मॅटिसन यांच्या ‘अवर चेंजिंग सीज’ या शिल्पमालिकेचा विषय प्रवाळभित्तींचा ऱ्हास हा आहे. प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटपासून घडवितात. हेच द्रव्य मातीकामातील झिलईतही वापरले जाते. समुद्राचे पाणी प्रमाणाबाहेर तापले की प्रवाळ आपल्या शरीरातील सूक्ष्म शैवाले बाहेर टाकतात. त्यामुळे त्यांचा रंग जातो, अन्नपुरवठा घटतो आणि ही स्थिती लांबल्यास ते मरतात. मालिकेतील तिसऱ्या शिल्पात मध्यभागी रंगीत प्रवाळ असून कडांकडे ते पांढरे होत जातात. मातीचे हे नाजूक आकार सहज तुटू शकतात. प्रवाळांची दुर्बलता अशा रीतीने द्रव्यातूनच व्यक्त होते.

२. बिया आणि श्रम :
चिनी कलावंत आय वेवे यांची ‘सनफ्लॉवर सीड्स’ ही कलाकृती ऑक्टोबर २०१० मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयात मांडली गेली. तीत पोर्सलीनच्या सुमारे दहा कोटी बिया होत्या. जिंगदेझेन या पोर्सलीनसाठी शतकानुशतके प्रसिद्ध असलेल्या नगरातील सुमारे १,६०० कारागिरांनी त्या घडविल्या व प्रत्येक बी हाताने रंगविली. माओ यांच्या काळातील प्रचारचित्रांत माओ सूर्य, तर जनता सूर्यफुले मानली जाई. म्हणून एकसारख्या भासणाऱ्या, परंतु प्रत्यक्षात वेगळ्या असलेल्या या बिया समूह आणि व्यक्ती यांच्या नात्याविषयी प्रश्न विचारतात.

प्रेक्षकांनी बियांवरून चालावे, अशी मूळ कल्पना होती. तथापि, त्यामुळे उडणारी धूळ दीर्घकाळ श्वासावाटे शरीरात गेल्यास अपायकारक ठरू शकते, हे लक्षात येताच काही दिवसांतच चालण्यास मनाई करण्यात आली. सिलिकायुक्त धुळीमुळे होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसांचा विकार मातीकामातील जुना व्यवसायजन्य रोग आहे. प्रेक्षकांचा प्रश्न दोरी बांधून सुटला; परंतु अशा धुळीत आयुष्य काढणाऱ्या कारागिरांचा प्रश्न त्यामुळे अधिक ठळक झाला. कलावंताच्या मूळ योजनेत नसलेला हा अर्थ द्रव्याने स्वतःच पुढे आणला.

निष्कर्ष :
मृत्तिकाशिल्प निसर्ग व श्रम यांच्याविषयी बोलते, तेव्हा ते स्वतः त्यांपासून अलिप्त नसते. माती जमिनीतून खणली जाते, भट्टीला इंधन लागते आणि एकदा पक्की भाजलेली माती पुन्हा मळता येत नाही. म्हणूनच अशा शिल्पाचे मूल्यमापन करताना ते काय सांगते याबरोबरच ते कोणी, कशातून आणि कोणत्या परिस्थितीत घडविले, याचाही विचार होणे आवश्यक आहे.