लग्नाची कॅसेट कोण लावणार?

२०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं आणि सांगलीतल्या कितीतरी घरांचे तळमजले बुडाले. फ्रिज, कपाटं, धान्य पंचनाम्यात आलं. कपाटातल्या लग्नाच्या कॅसेटींसाठी पंचनाम्यात रकाना नसतो.

ज्या कॅसेटी आणि व्हीसीडी अजून शाबूत आहेत, त्या संगणकावर उतरवून घेणं हे पहिलं काम. दुसरं काम त्या टीव्हीवर दिसतील अशी सोय करण्याचं, आणि तिथेच घोडं अडतं. पेन ड्राइव्हमधल्या अगम्य नावांच्या फायलींतून मुलीचं बारसं शोधायचं कसं? त्यासाठी टीव्हीला एचडीएमआयने जोडलेला छोटा संगणक आणि त्यात मीडिया सेंटर हवं. मग चित्रांची मांडणी समोर येते आणि रिमोटने निवडलं की चालू होतं.

यातलं सर्वांत जुनंजाणतं नाव कोडी. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या खेळयंत्रासाठी हौशी मंडळींनी ते लिहायला घेतलं. कोडी हे नाव २०१४ साली पडलं. फुकट आहे, नेट गेलं तरी चालतं, व्हीसीडीतल्या जुनाट ‘डॅट’ फायलीसुद्धा बिनतक्रार वाचतं. एकच टीव्ही असलेल्या घराने फार विचार न करता तेच घ्यावं. रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावर बसवलं तर बहुतेक टीव्हींच्या स्वतःच्या रिमोटवरच ते चालतं, ज्येष्ठांना दुसरा रिमोट शिकवावा लागत नाही. साध्या संगणकांत ही सोय सहसा नसते.

बसवल्यावर एक सेटिंग जरूर बदलावं. वाईजवळच्या मेणवलीत चित्रित झालेला ‘स्वदेस’ चित्रपट मुळात सेकंदाला २४ चौकटींचा. लग्नाची कॅसेट पाल पद्धतीची, म्हणजे २५ चौकटींची. टीव्ही दोन्ही एकाच वेगाने दाखवू लागला की कॅमेरा फिरताना चित्र अडखळतं. व्हिडिओप्रमाणे पडद्याचा रिफ्रेश रेट बदलण्याचा पर्याय कोडीत आहे. तो आपण शोधून चालू करायचा.

साताऱ्यात खाली आई-वडील, वर मुलगा-सून आणि लेक पुण्यात, असं घर असेल तर हिशेब बदलतो. काय पाहिलं, काय राहिलं याची प्रत्येक टीव्हीवरचं कोडी आपापली वेगळी वही ठेवतं. इथे सर्व्हर हवा: एका संगणकात सगळा साठा आणि प्रत्येक टीव्ही-फोनवर त्याचं ॲप. प्लेक्स दिसायला देखणं, जोडायला सोपं. पण एप्रिल २०२५पासून घराबाहेरून स्वतःच्याच फायली पाहायला प्लेक्सला पैसे मोजावे लागतात. जेलीफिन २०१८च्या डिसेंबरात जन्मलं. एम्बी या अशाच सर्व्हरने आपला सोर्स कोड बंद केला, तेव्हा नाराज मंडळींनी जुन्या कोडवरून ते उभं केलं. त्याला वर्गणी नाही, कंपनीकडे खातं उघडणं नाही. घरचे व्हिडिओ घरच्याच यंत्रावर ठेवायचे असतील तर हे उजवं. मात्र पुण्याहून पाहताना अडचण येऊ शकते, कारण अनेक फायबरवाले घराला स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता देत नाहीत. टेलस्केलसारखं ॲप दोन्हीकडे टाकलं की वाट मोकळी होते.

नावं ठेवण्यातही (फायलींना!) शिस्त लागते. ही मीडिया सेंटरं टीएमडीबीसारख्या ऑनलाइन माहितीसाठ्यातून पोस्टर आणि माहिती आणतात. ‘श्यामची आई’ एवढंच लिहिलं तर अत्र्यांचा १९५३चा, पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवणारा चित्रपट की सुजय डहाकेंचा २०२३चा, हे यंत्राला कसं कळणार? नावापुढे कंसात साल टाकावं. लग्न-मुंजी कुठल्याच साठ्यात नसतात. त्यांच्यासाठी जेलीफिनमध्ये घरगुती व्हिडिओंचा वेगळा विभाग करावा. नाहीतर ‘लग्न भाग २’ला एखाद्या परदेशी सिनेमाचं पोस्टर चिकटतं आणि मामांच्या जागी कुणीतरी बंदूकधारी उभा राहतो.

नवा संगणक घ्यायची गरज नाही. ऑक्टोबर २०२५मध्ये विंडोज १०चा आधार संपला, त्यामुळे कचेऱ्यांतले छोटे संगणक जुन्या बाजारात येताहेत. इंटेलची सातवी पिढी किंवा पुढची पाहून घ्यावी, एच.२६५ प्रकारच्या फायली ती सहज पेलते. नेटफ्लिक्स किंवा हॉटस्टार मात्र या पेटीतून पाहायचा अट्टहास नको. त्यासाठी टीव्हीतलंच ॲप जास्त चांगलं चित्र देतं.